गिरवलेलं विमान

मनूआत्या टांग्यातून उतरली तेव्हा तिच्या हातात एक पितळी भांडं होतं. उभट, दोन मजली, वर घट्ट झाकण. ट्रंक मागे दोरीने बांधलेली, वळकटी टांगेवाल्याच्या पायाशी, पण ते भांडं मात्र तिने स्टेशनपासून राइट टाउनपर्यंत मांडीवर धरून आणलं होतं. मी विजूला कडेवर घेऊन फाटकात उभी होते. आईला जाऊन तेव्हा पंधरवडा झाला होता. घरात इतक्या बाया येऊन रडून गेल्या होत्या की हीसुद्धा आधी रडेल, मग आम्हाला पोटाशी धरेल, अशा तयारीनेच मी उभी होते. तिने तसलं काही केलं नाही. ते भांडं माझ्या मोकळ्या हातात दिलं आणि म्हणाली, "नीट धर हं सुमे, त्याची जाळी नाजूक आहे." मग "भैया, ट्रंक जरा आहिस्ता" म्हणत ती टांग्याकडे वळली. मला त्या दिवशी तिचा फार राग आला. रडणं तिने गाडीतच इटारसीपर्यंत आटोपून घेतलं होतं, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं.

आम्ही मूळचे नागपूरचे. राज्यांची नवी आखणी झाली, नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं आणि बाबा ज्या कोर्टाच्या कचेरीत होते ती उठून जबलपूरला आली. "आपण बदलीवर नाही आलो, फायलींसोबत बांधून आलो," असं बाबा म्हणत. राइट टाउनमध्ये एका बंगल्याचा मागचा अर्धा भाग आम्ही भाड्याने घेतला होता. दोन खोल्या, एक लांबट स्वयंपाकघर, मागे अंगण आणि अंगणात पेरूचं झाड. आजूबाजूला सगळी हिंदी. आईला ते शहर कधी आपलं वाटलंच नाही. भाजीवाल्याशी बोलताना ती अडखळायची आणि घरात येऊन स्वतःवरच चिडायची. दुसऱ्या वर्षी तिला कावीळ झाली आणि ती अंगात इतकी भिनली की डॉक्टरांचं काही चाललं नाही. मी आठ वर्षांची होते, विजू दीड वर्षाचा.

मनूआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, मनोरमा. तिचे यजमान बंगलोरला विमानांच्या कारखान्यात फिटर होते. लग्नाला तीन वर्षं झाली न झाली तोच ते विषमज्वराने गेले. सगळ्यांना वाटलं, आता ही नागपूरला परत येईल. ती आली नाही. तिचं अक्षर मोत्यासारखं होतं. यजमानांच्या साहेबांनी ते अर्जावर पाहिलं आणि तिला कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून घेतलं. तिथे ती आठ-नऊ वर्षं होती. आई गेल्याची तार पोचली तेव्हा ती रजा टाकून आली, आणि रजा संपली तेव्हा तिने राजीनामा पाठवून दिला. हे सगळं मोठ्यांच्या बोलण्यातून माझ्या कानावर आलं होतं. तिने स्वतः त्याचा कधी उच्चार केला नाही.

पहिले काही दिवस मी तिच्याशी बोलत नव्हते. ती त्याचं काही मनावर घेत नव्हती. सकाळी ते पितळी भांडं चुलीजवळ ठेवलेलं असे आणि वरच्या मजल्यातून खालच्या मजल्यात कॉफी ठिबकत असे. चहा पिणाऱ्या आमच्या घरात तो वास परका होता, पण महिन्याभरात बाबा कचेरीतून आले की आधी स्वयंपाकघराकडे पाहू लागले. मग एके दिवशी सकाळी ती बाबांना म्हणाली, "दादा, आज सांबार करते, येताना भाजी घेऊन ये." आमच्या नागपुराकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. बाबा संध्याकाळी कोथिंबिरीच्या तीन भल्यामोठ्या जुड्या घेऊन आले. आत्याने जुड्यांकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि पाटावर बसून हसायला लागली. पदर तोंडात कोंबला तरी हसू आवरेना. बाबा आधी "काय झालं? काहून हसून राहिली?" म्हणत होते, मग तेही हसू लागले. आई गेल्यावर त्या घरातलं ते पहिलं हसणं. त्या कोथिंबिरीच्या तिने वड्या केल्या, आत खोबरं आणि खसखस घालून, आईसारख्याच. मी चार खाल्ल्या आणि तिच्याशी बोलायला लागले.

तिच्या ट्रंकेत रुमालांची एक चळत होती. इतकं तलम कापड मी तोवर पाहिलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "हे विमानाचं कापड आहे." मला वाटलं, विमानाला कापड लागतं. मग तिने सांगितलं. साहेब लोक कागदावर पेन्सिलने विमानाचे भाग काढत. त्या कागदावर ती निळसर, आरपार दिसणारं, खळ दिलेलं कापड पसरायची, वर खडूची पूड चोळायची आणि खालची प्रत्येक रेघ शाईने गिरवायची. त्या कापडावरून मग निळे छाप निघत, छाप कारखान्यात जात आणि त्यांवरून कारागीर पत्रा कापत. रेघ चुकली की ब्लेडच्या टोकाने अलगद खरवडायची. पाण्याचा एक थेंब पडला तर दोन-दोन दिवसांचं काम गेलं. उन्हाळ्यात मनगटाचा घाम लागू नये म्हणून हाताखाली फडकं घेऊन बसायचं. "शिंक आली तर तोंड फिरवून पळायचं," ती सांगे, आणि विजूला हसवायला पळून दाखवी. जी कापडं बाद होत ती पोरी घरी आणत, गरम पाण्यात खळ धुऊन काढत आणि त्यांचे रुमाल शिवत. मी शाळेत नाक पुसत होते त्या रुमालावर कधीतरी पंखाची एक रेघ होती, याचं मला भारी कौतुक वाटायचं.

ती ज्या विमानावर होती ते लढाईचं नव्हतं. ते हवाई दलातल्या नव्या मुलांना शिकवण्याचं विमान होतं, पुढे-मागे दोन सीटांचं, एकात शिकणारा, दुसऱ्यात शिकवणारा. दुपारी गहू निवडायला बसलं की ती त्याच्या गोष्टी सांगे. लढाऊ विमान वेगाला चांगलं असलं म्हणजे झालं, पण शिकाऊ विमान स्वभावाला चांगलं लागतं, असं तिचे साहेब म्हणत. नवखा पोरगा चुकणारच. तो नाक फार वर काढेल, वळताना घाबरेल, उतरताना आपटेल. त्या चुका विमानाने पोटात घातल्या पाहिजेत. चाचणीच्या वेळी ते मुद्दाम गरगरत खाली सोडत आणि किती लवकर सावरतं ते पाहत. मनासारखं सावरेना तेव्हा शेपटीचा आकार बदलला. पुन्हा उडवलं, पुन्हा बदलला. दर वेळी नवा कागद, नवं कापड, आणि शेपटी आत्याकडे. "बाकीच्या मुलींना पंख, चाकं, काय काय मिळे," ती म्हणायची. "माझ्या नशिबाला शेपूट. पण मग ते शेपूट मला झोपेतही काढता आलं असतं."

आणि ते विमान पहिल्यांदा उडालं तो दिवस. ती गोष्ट मी तिच्याकडून इतक्यांदा सांगवून घेतली की आजही ती मला पाहिल्यासारखी आठवते. सगळं ऑफिस गवतावर येऊन उभं होतं.  आत्याच्या बोटांना शाई होती आणि तिने ती नकळत पातळाला पुसली. विमान धावलं, उचललं गेलं, लहान झालं, आणि तिच्या शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने हात जोडले. "तू काय केलंस?" मी दर वेळी विचारायची. "मी शेपटीकडे पाहत होते. सगळे विमानाकडे पाहत होते, मी फक्त शेपटीकडे."

अशी तीन वर्षं गेली. विजू तिला आई म्हणायला लागला. त्याला दुसरी आई आठवतच नव्हती, त्यामुळे कुणी त्याला टोकलं नाही. मी आत्याच म्हणत राहिले. मी तसं म्हणते याचं तिला वाईट वाटत असेल का, हे तेव्हा मनात आलं नाही, आता येतं.

मग त्या हिवाळ्यात एका सकाळी ती अंगणात पापड वाळत घालत होती आणि गावाबाहेरच्या डुमना विमानतळाच्या बाजूने एक घरघर आली. विमानं जबलपूरवरून जात, पण ती उंचावरून. हा आवाज खालून येत होता, संथ, जरा खोकल्यासारखा. आत्याच्या हातातला पापड तसाच राहिला. तिने वर पाहिलंसुद्धा नाही. मान किंचित कलती करून ऐकत राहिली आणि म्हणाली, "आपलं आहे." मग पेरूच्या झाडावरून ते खरंच गेलं, पिवळं, चाकं खाली सोडलेली, इतकं खालून की आतलं डोकं दिसलं. विजू टाळ्या पिटायला लागला. आत्या ते दिसेनासं झाल्यावरही तशीच उभी होती. एक पापड कावळ्याने नेला तरी तिला कळलं नाही.

शेजारच्या घरातला एक मुलगा कॉलेजात कॅडेट होता. त्याने सांगितलं की कॅडेटांना शिकवायला हवाई दलाने एक विमान आणि एक अधिकारी जबलपूरला पाठवले आहेत. त्यानंतर जवळजवळ रोज ती घरघर यायची. आत्या कामात असली तरी तिचा हात क्षणभर थांबे. बाबांनी ते पाहिलं असावं, कारण एका शनिवारी तेच म्हणाले, "मने, उद्या जाऊन पाहून ये ना. सुमीला घेऊन जा. विजूला मी सांभाळतो."

आम्ही टांग्याने गेलो. डुमन्याचा रस्ता तेव्हा अगदी निर्मनुष्य होता, दोन्ही बाजूंना झाडी आणि मध्येच तलावाचं पाणी चमकायचं. आत्याने तिचं एकुलतं एक म्हैसूर सिल्क नेसलं होतं. विमानतळ म्हणजे एक पत्र्याची शेड, एक लांब धावपट्टी आणि वाऱ्यावर हलणारी एक कापडी पिशवी. विमान शेडच्या बाहेर उभं होतं. आम्ही तारेपाशी पोचलो तसे एक उंच, सावळे अधिकारी पुढे आले. तेच शिकवणारे साहेब.

"बहनजी, इधर आना मना है," ते म्हणाले.

"मुझे सिर्फ देखना है," आत्या म्हणाली. "इसकी पूँछ मैंने बनाई है."

साहेबांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "पूँछ?"

"मतलब, ड्रॉइंग," आत्या म्हणाली आणि गोरीमोरी झाली. मला तिची लाज वाटली. मी तिचा पदर ओढला. पण ती हलली नाही. "पीछे बाईं तरफ एक छोटा ढक्कन होगा. चार पेंच का. उसके कोने पहले चौकोर थे, तो पत्रा कोने से चिरता था. फिर गोल किए. आप देख लीजिए, गोल हैं."

साहेब तिच्याकडे बघत राहिले. मग वळून विमानाच्या मागच्या बाजूला गेले, वाकले, बोटाने काहीतरी चाचपलं. परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू वेगळं होतं. "आइए," ते म्हणाले आणि स्वतः तार वर उचलून धरली.

आत्या शेपटीजवळ गेली. मला वाटलं होतं ती हात लावेल, पण ती नुसती सभोवार फिरली, पुन्हा पुन्हा. "एवढं मोठं आहे," ती माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाली. "मी एवढंसं काढायची गं." बंगलोरला ते तिने दुरून, मैदानावरूनच पाहिलेलं. ऑफिसच्या मुलींना शेडमध्ये जायची सोय नव्हती. साहेबांनी विचारलं, बसायचं आहे का. एका मेकॅनिकने स्टूल आणून ठेवलं. आत्याने निऱ्या वर खोचल्या, पदर कमरेला बांधला, आणि मी तोंडावर हात ठेवून पाहत असताना ती पंखावर चढून मागच्या सीटवर बसली. साहेब पुढच्या सीटवर बसले. मेकॅनिकने मला हाताला धरून लांब नेलं. पंखा फिरायला लागला. नियमात ते बसत नसणार, हे आज कळतं. त्या भल्या माणसाचं नाव मी विचारलं नाही आणि त्यांना त्याबद्दल कुणी बोललं की काय, तेही मला ठाऊक नाही. हवेत त्यांनी नेलं नाही. पण धावपट्टीच्या त्या टोकापर्यंत ते विमान पळत गेलं, लहान होत होत, आणि मला काचेतून फक्त आत्याचा अंबाडा दिसत राहिला. मग तोही दिसेना.

मी आरडाओरडा केला नाही. मेकॅनिक माझ्याशी काहीतरी गमतीचं बोलत होता. पण तिथे, त्या रिकाम्या धावपट्टीच्या कडेला, मला पहिल्यांदा कळलं की आत्या आमच्याकडे कुठूनतरी आलेली आहे आणि त्यामुळे ती जाऊही शकते. विमान परत येईपर्यंत पाच मिनिटंही झाली नसतील. ती उतरली तेव्हा तिचा अंबाडा सुटला होता आणि चेहरा असा फुलला होता की मी चार पावलं मागे सरले. ती तीन वर्षांत कधी तशी दिसली नव्हती. कोथिंबिरीच्या दिवशीसुद्धा नाही.

निघताना साहेब म्हणाले, "बंगलोर में अब जेट ट्रेनर बन रहा है. सुना है ड्रॉइंग ऑफिस में हाथ कम पड़ रहे हैं. आप लिखकर तो देखिए." आत्या नुसतं "जी" म्हणाली. परतीच्या वाटेवर तिने टांगा बाजारात थांबवला आणि मला खव्याची जिलबी घेऊन दिली. तिच्या वाट्याचीही तिने माझ्या पानावर ठेवली. काळी, जड, गरम जिलबी. मी ती खाल्ली, पण नेहमीसारखी बोटं चाटली नाहीत.

तिने लिहिलं. जुन्या साहेबांना पत्र टाकलं आणि महिन्याभरात टाइप केलेलं उत्तर आलं. पत्र पोस्टमनकडून मीच घेतलं, पण इंग्रजी मला वाचता येत नव्हतं. ते तिने खिडकीत उभं राहून वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं. संध्याकाळी बाबांच्या हातात दिलं. मी अभ्यासाला बसले होते आणि माझी पेन्सिल थांबली होती.

"अच्छा," बाबा म्हणाले. पत्र परत तिच्या हातात दिलं. "मने, तू ठरव. तीन वर्षं तू इथं काढली, त्याच्यापुढे मी काय बोलू?"

"पोरांचं कसं करशील दादा?"

"करीन काहीतरी. स्वयंपाकाला बाई ठेवू. सुमी मोठी झाली आता."

त्यांनी ते मनापासून म्हटलं, हे मी आजही सांगते. पण त्या दिवशी त्यांनी ताटातला भात तसाच ठेवला आणि पाणी पिऊन उठले. आत्याने ते ताट उचललं आणि मोरीपाशी घेऊन उभी राहिली.

दोन-तीन दिवस घरात कुणीच तो विषय काढला नाही. मग एका दुपारी, विजू निजला असताना, ती तांदूळ निवडत बसली होती. मी शाळेतून आले तशी म्हणाली, "सुमे, दप्तर ठेव आणि इकडे ये." मी तिच्यासमोर चटईवर बसले. तिने सूप बाजूला सरकवलं. "हे बघ, बंगलोरहून बोलावणं आलं आहे, तुला माहीतच आहे. नवं विमान काढून राहिले ते. जुन्यापेक्षा खूप वेगळं. पंखा नसलेलं." थोडं थांबून म्हणाली, "मी जाऊ का?"

ती माझ्याशी मोठ्या माणसासारखी बोलत होती. बाहेर कुणीतरी नळावर कळशी भरत होतं, आणि कळशी भरत आली की आवाज जसा बारीक होत जातो तसा तो होत होता. तिच्या बोटांना तांदळाची पूड लागली होती. मी खूप काही म्हणू शकले असते. मुलं म्हणतात तसं "मला काय माहीत" म्हणून उठून जाऊ शकले असते. पण तिने खरं विचारलं होतं आणि मला खरंच उत्तर ठाऊक होतं.

"नको," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. आणि सूप पुन्हा पुढ्यात घेतलं.

मी पुढे बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. लहान मुलाला काय विचारावं आणि काय विचारू नये, यावर नव्या शिक्षिकांना मी बरंच काही सांगत असे, आणि सांगताना दर वेळी ती चटई डोळ्यांसमोर यायची. पण आत्याला मी कधी दोष देऊ शकले नाही. तिला विचारायला दुसरं होतं कोण? बाबा खरं सांगणार नव्हते. विजू तिला आई म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी तिने पत्र लिहिलं आणि पाकीट माझ्याकडेच दिलं. "शाळेत जाताना टाक." कोपऱ्यावरच्या लाल पेटीपाशी मी उभी राहिले. हात आत घातला आणि पाकीट सुटेना. आजवर मी लिहिलं नाही ते इथे लिहिते. मला कळत होतं की हे पाकीट दप्तरात ठेवलं, घरी जाऊन "मी चुकले, तू जा" म्हटलं, तर ती जाईल. एवढं सगळं मला अकराव्या वर्षी नीट कळत होतं. मी पाकीट सोडलं आणि शाळेपर्यंत पळत गेले, आणि दिवसभर मी इतकी खुशीत होते की बाईंनी मला दोनदा उभं केलं. घरी आले तर घरभर कॉफीचा वास होता.

तिने मला त्यानंतर कधी काही जाणवू दिलं नाही. दुसऱ्या वर्षी ती जवळच्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायला लागली आणि रिटायर होईपर्यंत तिथेच राहिली. तिच्या मुलींची अक्षरं शहरात ओळखू यायची. पिवळं विमान पुढेही कितीतरी वर्षं सकाळी पेरूच्या झाडावरून जायचं. एका पिढीचे कॅडेट त्यावर शिकून गेले, दुसऱ्या पिढीचे आले. मग ते येईनासं झालं. नेमकं कधी, ते मला सांगता येणार नाही, कारण तोवर मी लग्न होऊन नागपूरला गेले होते. आवाज बंद झाल्याचं आत्याने पत्रात एका ओळीत कळवलं होतं, विजूच्या परीक्षेच्या आणि पेरूला आलेल्या बहराच्या बातमीच्या मध्ये.

पहिल्या बाळंतपणाला मी जबलपूरला आले होते. बाळ महिन्याचं होतं आणि आत्या अंगणात त्याला मांडीवर घेऊन उन्हात बसली होती. अचानक आभाळ फाटल्यासारखा आवाज झाला आणि तीन विमानं एका रांगेत गेली, आखूड, गुबगुबीत नाकाची, पंखा नसलेली. आत्याने आधी बाळाचे कान झाकले. मग वर पाहिलं. तोवर ती निघूनही गेली होती, मागे फक्त आवाज उरला होता. मी दारात उभी होते. ती कुठली विमानं, हे तिला विचारावं लागलं नाही. बाळ रडायला लागलं तसं ती त्याला थोपटायला लागली आणि थोपटता थोपटता म्हणाली, "शेपूट कुणाला मिळालं असेल गं?"

मी आत जाऊन पाळण्याची दोरी उगीचच सोडून पुन्हा बांधली.

शेवटची काही वर्षं ती विजूकडे, जबलपूरमध्येच विजय नगरला होती. विजूची मुलं मराठी समजतात, बोलतात हिंदी, आणि तिला "दादी" म्हणत. तीही त्यांच्याशी हिंदीत बोलायची आणि मधूनच वऱ्हाडी ठसक्यात काहीतरी म्हणून त्यांना हसवायची. ऐंशी उलटली होती. नजर गेली होती, पण बुद्धी तल्लख. मी दिवाळीनंतर चार दिवस तिच्याजवळ राहायला गेले होते. दुपारची जेवणं झाली होती, घरात आम्ही दोघीच. मी तिच्या पायांना तेल चोळत होते. साठी ओलांडलेली बाई मी, पण तो प्रश्न विचारताना माझा आवाज अकरा वर्षांचा झाला.

"आत्या, तेव्हा मी 'जा' म्हटलं असतं तर?"

तेव्हा म्हणजे केव्हा, हे तिने विचारलं नाही.

"तर गेले असते," ती म्हणाली. लगेच म्हणाली. मला वाटलं होतं ती म्हणेल, छे गं, मी कुठली जाते तुम्हाला सोडून. मी तेच ऐकायला इतक्या वर्षांनी विचारलं होतं.

माझे हात थांबले. तिने पाय हलवून पुन्हा चोळ म्हणून खुणावलं.

"राग आला होता माझा?"

"तुझा काहून येईल? तू खरं बोलली." थोड्या वेळाने ती म्हणाली, "विजूला विचारायचा प्रश्नच नव्हता. तो आई म्हणायचा. तू आत्या म्हणायची. म्हणून तुला विचारलं. मला वाटलं, तू जा म्हणशील."

 तिने चाचपडत माझा हात शोधला. तेलकट होता, तसाच धरला, आणि बोटांनी माझ्या बोटांवरून एकेक करून, सावकाश, टोकापर्यंत गेली.

"आणि तू नको म्हणालीस ना," ती म्हणाली, "तेव्हा मला वाईट वाटलं. खूप वाटलं. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की या घरात माझं कुणीतरी आहे." मग हात सोडला. "चल, रडू नको आता. विजूची स्कूटर वाजली. दार उघड."

मी डोळे पुसले आणि दार उघडायला उठले.